पापलेटाच्या तोंडातला किडा

१२ जाने., रवि. कळंब
बाजारात पारूमावशीच्या मासळीच्या दुकानावर माझा नेहमीचा खेळ. काळं पापलेट उचललं, जबडा उघडझाप करत गिऱ्हाइकाशी बोलाय लावलं, "ओ काका, न्या की मला, बर्फात लई गारठलोय." माणसं हसली. मग आत बघतो तर जिभेच्या जागी पांढरा किडा! डोळे, पाय, सगळं. मेलेला, पण घरमालकावानी बसलेला. दाखवला, तर सगळे म्हणले विक्याचंच काम, म्हंजी माझंच. मागं म्या च्याच्या टपरीवर रबरी पाल टाकलेली, ती लगेच उकरून काढली. मावशीनं खवल्याच्या हातानं कानफटात दिली. गिऱ्हाईक पांगलं. कधी नव्हं ते खरं बोललो तर ही तऱ्हा.

१४, मंगळ.
किडा मिठाच्या पाण्यात, बाटलीत. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडं नेला. ह्याच सरांनी मला नववीत वर्गाबाहेर काढलं व्हतं. भिंगानं बघितला. पाय चौदा. म्हणले, खेकडा-झिंग्याच्या भावकीतला. समुद्रात माशाच्या तोंडात शिरतो, जिभेचं रक्त पितो, जीभ वाळती, मग हाच तिथं जीभ म्हणून ऱ्हातो. मासा जगतो. खाणाऱ्याला काय अपाय न्हाय. सर लई खूश.
आता बघतो एकेकाला.

१५, बुध.
बाटली दाखवाय गेलो. मावशीनं बर्फाच्या पेटीमागं ओढलं.
"किडा खराय. मला काय नवा हाय व्हय? मुंडकं कापताना गुपचूप काढून टाकती मी."
मग मला कशापायी मारलं?
"तुझी मस्करी म्हणलं तर लोक परत येत्यात. माशात किडा म्हणलं तर कोण येतंय? पोरीचं कॉलेज ह्याच्यावर हाय. तू कबूल हो. तुझं काय जातंय?"
तुझं काय जातंय!! डोकं फिरलं. एवढ्या थापा मारल्या, त्या खपल्या. एक खरं, तेवढं गिळायचं.

१९, रवि.
कबूल झालो. सगळ्यांदेखत. "व्हय, म्याच ठेवला." एक म्हातारा म्हणला असल्याला ठाण्यात द्या. दुपारपतुर मावशीची पेटी रिकामी. मला बांगडा देत व्हती, घेतला न्हाय.
वाटंत सरांनी गाडी थांबवली. वर्गात माझं नाव घेऊन किडा शिकवला म्हणं. "लोकांनी तुला खोटं पाडलं, कळलं मला. पुढच्या रविवारी मी येतो बाजारात. सगळ्यांना समजावून सांगतो."
जन्मात पयल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं बोलाय निघालंय, आन् त्यालाच अडवायचंय. मावशीला अजून सांगितलं न्हाय. सरांना थाप मारावी, तर त्यांनी किडा भिंगानं बघितलाय.