मधलं कापू, कडेचं ठिवू

प्रिय काकू,

परवा तुमची तेरवी आहे. काल तुमचा महेश घरी येऊन म्हणाला, ताई, आईचा फोटो तूच करून दे, फ्रेमला द्यायचाय. अर्ध्या बदनापूरचे फोटो तुम्ही स्कॅन केलेत आणि तुमचा स्वतःचा धड एक फोटो घरात नाही! पासबुकावरचा काळा-पांढरा तेवढा. म्हणून लिहायला बसले. थोडा रागही आलाय तुमचा.

तुमच्या डीटीपी सेंटरात आले तेव्हा मला माउससुद्धा धरता येत नव्हता. पहिल्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर बंदच ठेवलात आणि गुणाकार करायला बसवलंत. रुंदीचे ठिपके गुणिले उंचीचे ठिपके. काळ्या-पांढऱ्या फोटोत एका ठिपक्याला एक बाइट, रंगीत असला तर तीन. फ्लॉपीत मावणार साधारण साडेचौदा लाख. आधी हिशेब, मग सेव्ह. मला तेव्हा जाच वाटायचा.

माझ्या आईचा फोटो आठवतो? ती गेल्यावर कळलं की तिचा एकच फोटो आहे, टेंभुर्णीच्या लग्नातल्या घोळक्यात, अगदी कडेला. मामा अल्बम घेऊन आले होते आणि संध्याकाळच्या गाडीने परत नेणार होते. हार्ड डिस्क भरलेली, रिकामी फ्लॉपी एकच. फोटो चौदाशे बाय हजार. रंगीत म्हणजे बेचाळीस लाख. लहान केला तर आईचा चेहरा राहत नव्हता. मी म्हटलं, काळा-पांढरा करू, चौदा लाखांत अख्खा बसतो. मामांनाही तेच हवं होतं. तुम्ही लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडत म्हणालात,

“रंग सोडायचा न्हाई. साडी कोन्त्या रंगाची व्हती, हे पुढं कोन सांगन तुला? मधलं कापू, कडेचं ठिवू.”

सहाशे बाय आठशे, गुणिले तीन. चौदा लाख चाळीस हजार. काठोकाठ! नवरा-नवरी गेले, व्याही गेले, फेटा बांधून मधे बसलेले खुद्द मामाही गेले. किती फुगले होते ते! चहासुद्धा घेतला नाही.

पुढे त्या अल्बमला वाळवी लागली. फ्लॉपीवरून मी फाइल सीडीवर घेतली होती, म्हणून आईचा मोरपंखी रंग राहिला. माझी मुलगी आजीला त्या साडीवरूनच ओळखते. हे तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही. रोज समोर बसायचे, का नाही सांगितलं?

काल कपाट उपसताना सेंटरच्या उद्घाटनाचा फोटो सापडला. मधे कात्री धरलेले पाहुणे, आजूबाजूला हारतुऱ्यांतली मंडळी. आणि पार कडेला, हातात ताट धरून, जांभळ्या साडीत तुम्ही. सेंटर तुमचं आणि उभ्या कुठे राहिलात!

महेश म्हणतो, पाहुणे मोठे होते, राहू दे त्यांना. राहू देणार नाही, काकू. मधलं सगळं कापते. तुमचा जांभळा रंग तीनही बाइटांनिशी भिंतीवर लागेल, हा माझा शब्द.

तुमची,
सुरेखा