हेल्मेटला कुंकू लागत नाही

रविवार, दिवेलागणीनंतर. समा, बडोदे.

लिही गं सूनबाई, आणि मधेच हसू नकोस.

सोसायटीमागच्या मैदानात मोटारसायकली उड्या मारायला लागल्या आणि शेजारच्या मंजूबेननी भीतीने फिरणंच सोडलं. मी एकटी फिरले तर भांडू कोणाशी? पोलीस म्हणतात, नंबर सांगा. गाडीला नंबरप्लेटच नाही आणि तोंडावर हेल्मेट!

आज ओवाळणीचं ताट घेऊन मैदानात मधोमध उभी राहिले. रामरक्षा पुटपुटत होते, ते नको लिहूस. बरं, लिही. एक गाडी अगदी पुढ्यात थांबली.

"बा, खसो ने!" म्हणजे मी बाजूला व्हायचं!

"नवी गाडी ना, दीकरा? ओवाळते. हेल्मेट काढ, त्याला कुंकू लागत नाही."

ओवाळायला कोण नाही म्हणेल? काढलं. बघते तर सेक्रेटरींचा निखिल! मैदानात गाडी आणू नये, ही पाटी त्याच्याच बापाने लावलेली. पोरगा लगेच मराठीवर आला.

"आजी, बाबांना सांगू नका."

"नाही सांगत. गाडी बंद, आणि उद्या मंजूबेनना हात धरून खाली आणायचं."

मी शब्द पाळीन. पण कुंकू तेलात कालवलेलं होतं, धुतलं तरी डाग राहतो, आणि लावलंय चांगलं रुपयाएवढं. बापाने विचारलं तर त्याला मी काय करू?