वाकायचं नाही

९ जानेवारी
नागपूरहून घरी आणलं मला. मणक्यातली सरकलेली गादी दुर्बिणीतून काढली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण सहा आठवडे वाकायचं नाही. घरी आलो तर हिनं खाट घालून ठेवलेली – चालणंच बंद!

११ जानेवारी
बघायला माणसं येतात. चंपतरावांनी सदरा वर करून पाठ बघितली. जखम नखाएवढी. 'येवढंच?' म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले.

१६ जानेवारी
प्रगती म्हणून पोरगी आदिलाबादहून व्यायाम शिकवायला येते. डाव्या पायात अजून जोर नाही. तिनं हिला सांगितलं, झोपवून ठेवाल तर पाय असाच राहील. हिनं लगेच ऐकलं. माझं कधी ऐकलं नाही.
अंगणात चाललो.

१९ जानेवारी
उद्धवदादा आला! वाटणीचं शेत विकून मी मंडपाचं सामान घेतलं, तेव्हापासून थोरल्या भावानं माझा उंबरा ओलांडला नव्हता. आज जिल्हाभर माझेच मंडप लागतात – तेही त्याला आवडत नाही.
मी उठलो. हात जोडले. पाया पडेन म्हणून तो थांबला. मीही थांबलो. ही सांगायला गेली तोवर तो वळला. कान माझे तिखट. फाटकाशी हिला म्हणाला ते आतून ऐकू आलं – 'याची कंबर पैशानं आकडली, ऑपरेशननं नाही.'

२० जानेवारी
हिनं वहिनीला फोन करून सगळं समजावलं. वहिनी म्हणे, 'दोन टाक्याचं ऑपरेशन, अन् वाकता काऊन येत नाही?'
चांगली वीतभर चिरायला पाहिजे होती पाठ. डॉक्टर हुशार निघाला, घात झाला.

२२ जानेवारी
प्रगतीला विचारलं, एकदाच वाकलो तर? म्हणाली, 'काका, गादी परत सरकली तर पाय जाऊ शकतो. तुमची मर्जी.' ही पोरगी आमच्या धंद्यात पाहिजे होती. गिऱ्हाईक परत गेलं नसतं.

२५ जानेवारी
दादा सत्तरीचा. स्वतःहून पुन्हा येणार नाही. पाय माझा, भाऊही माझाच.

२६ जानेवारी
चालणं सांगितलंच आहे. त्याच्या घरापर्यंत चाललो. ही पाठोपाठ, बडबडत. दादा उंच ओट्यावर, मी खाली अंगणात. एकदाच वाकायचं ठरवून गेलो होतो. हात खाली नेले.
'थांब, यशवंता,' म्हणाला. ओट्याच्या काठाशी येऊन उभा राहिला. त्याचे पाय माझ्या कमरेशी.
'आता पड पाया.'