शेवटच्या सामन्यातली पहिली फेरी

तीर्थस्वरूप वर्ना मावशी यांस,

हेल्मेट काढून आणि कंबर वाकेल तेवढं वाकून क्लेटनचा नमस्कार. तुमचा रक्तदाब कसा आहे? एल्मरकाकांचा गुडघा या थंडीत फार कुरकुरतोय का? मी मजेत आहे. म्हणजे डावा खांदा, उजवा घोटा आणि पुढचे चार दात सोडले तर उरलेला मी मजेत आहे.

सोळाव्या वर्षी मी तुमच्या तळघरातल्या खोलीत राहायला आलो, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. (क्लबने पोरं गावातल्या घराघरांत वाटली, त्यात तुमच्या वाट्याला सगळ्यात जास्त खाणारा आला.) मी बर्फावरच्या हॉकीत बचावाला खेळतो म्हटल्यावर काका म्हणाले होते, "गोल करणाऱ्यांचे फोटो छापून येतात बाबा. तू आपला दारात उभा राहा." आणि तुम्ही म्हणालात, "दारात नंतर उभा राहा. आधी ते घामट सामान गॅरेजमध्ये नेऊन टाक." उणे चाळीसमध्येसुद्धा माझं सामान गॅरेजमध्येच राहिलं, आणि काका तिथेच स्टूल टाकून माझ्या स्केट्सना धार लावत बसायचे. मी दोघांचंही ऐकलं. पुढे चौदा वर्षं सहा गावांच्या संघांतून मी दारात उभा राहिलो. बचावपटूचं काम घरातल्या थोरल्या बहिणीसारखं असतं, सगळं नीट चाललं तर कुणाचं लक्ष नसतं आणि काही सांडलं की सगळे आपल्याकडे बघतात. पकची ती दगडासारखी रबरी चकती अडवायला मी पाय घातला, बरगड्या घातल्या, आणि काही वेळा (मुद्दाम नव्हे) डोकंही घातलं. एवढ्या वर्षांत चार गोल केले. त्यातला एक आपल्याच जाळ्यात गेला, पण मारला फार सुंदर होता.

आता मुख्य गंमत सांगतो. गेल्या शनिवारी माझा शेवटचा सामना झाला. नवा खेळाडू पहिल्यांदा उतरतो तेव्हा बाकीचे त्याला पुढे ढकलतात आणि स्वतः मैदानात यायच्या बोगद्यातच थांबून राहतात, म्हणजे तो बिचारा एकटाच बर्फावर फेरी मारत सुटतो आणि सगळं रिंक त्याला हसतं, हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्या वेळी तुम्ही दोघं बटाट्याच्या सारणाच्या पिरोगीचा डबा घेऊन सव्वीस तास गाडी हाकत आला होतात. काका कोपऱ्यात काचेला चिकटून बसले होते आणि मी समोरून गेलो तेव्हा त्यांनी थर्मास उंचावला होता. तर आमच्या पोरांनी ठरवलं की म्हाताऱ्याला शेवटच्या दिवशीही तसाच एकटा सोडायचा. मला काही सांगितलं नाही. मी उतरलो, मागे वळून पाहतो तर कुणीच नाही. मला वाटलं, हां, आज माझा पहिला सामना आहे.

मावशी, मी थट्टा करत नाही, मला खरंच तसं वाटलं. मी कोपऱ्याकडे गेलो आणि काकांसाठी काठी उंचावली. तिथे एक टकला गृहस्थ बसला होता, त्याने पॉपकॉर्नचा डबा उंचावला. काकांनी थर्मास का आणला नाही म्हणून मला राग आला. मी काच ठोकली आणि विचारलं, "मावशी कुठाय?"

"कुठली मावशी, भाऊ? मी तिकीट काढून बसलोय," तो म्हणाला.

सगळं रिंक हसलं. पोरांनी बर्फावर काठ्या आपटल्या. आमचा कप्तान म्हणाला, "काय नाटकी आहेस रे म्हाताऱ्या! जाता जाता रडवणार आम्हाला." मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? मग सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत येऊन काठीच्या मुठीला पांढरी पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर पेनने लिहिलं, 'एल्मरकाका गेले. दोन वर्षं झाली. शवपेटी तू उचललीस.' आता काठी जवळ ठेवली की कसं निर्धास्त वाटतं. किराणा आणायलाही घेऊन जातो. (लोक बाजूला होतात, रांगेत फार वेळ जात नाही.)

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

तुमचा,
क्लेटन

ता. क. तळघरातली खोली रिकामी आहे का? डॉक्टर म्हणतात, एकटं राहू नका. सामान मी आपणहून गॅरेजमध्ये ठेवीन.

ता. क. २. पाकिटात घालण्याआधी पत्र वाचून पाहिलं. वर पहिल्याच ओळींत मी काकांच्या गुडघ्याची चौकशी केली आहे. लिहिताना काठी दुसऱ्या खोलीत होती. खोडणार होतो, पण तुमच्यापासून काय लपवायचं?

ता. क. ३. मी राहायला आलो आणि काका कुठे आहेत असं विचारलं, तर ते गेले असं दर वेळी सांगत बसू नका. मला ऐकवेल, पण तुम्हाला ते पुन्हा पुन्हा तोंडाने म्हणावं लागेल, ते मला नको. गॅरेजमध्ये तुझ्या स्केट्सना धार लावतायत, असं सांगा. मी थांबेन.