ताईचा पिवळा त्रिकोण

१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण अजून शिडीवर चढू देतो. तुझा खोकला काय म्हणतो? औषध घेतेस, की नुसतं उशाशी ठेवतेस?

बातमी अशी, की पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. सत्तावीस वर्षं संग्रहालयात दुसऱ्यांची चित्रं टांगली आणि सुटीच्या दिवशी घरी माझे चौकोन रंगवले. नोकरीत असेपर्यंत आपलं चित्र तिथे लावायचं नाही, हा नियम. आता संचालकबाईंनी खालचा हॉल मला दिलाय. शिपाई म्हणाला, "साहेब, आमच्या बाथरूमच्या फरश्यापण मांडा की!" मीही हसलो.

काल भिंती मोजल्या. समोरची भिंत फार मोठी आहे. तिला शोभेल असं चित्र माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. तो पिवळा त्रिकोण.

पाल्हाळ पुरे. नऊ वर्षांपूर्वी तू तो आमच्या निवड समितीकडे पाठवलास. आम्ही नावं झाकून चित्रं बघतो. सगळे माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुमचंच ना?" आपण एकाच टेबलावर, एकाच गुण्याने रेघा मारायला शिकलो, त्यांना फरक कसा कळणार? मला कळला. मी चिकटपट्टी लावून कडा सरळ आणतो. तू नुसत्या हाताने आणतेस, म्हणून त्या जिवंत वाटतात. मला कधीच न जमलेलं ते समोर उभं होतं आणि माझ्या पोटात दुखलं, ताई. "माझं नाही. आणि फार कच्चं आहे," मी म्हणालो. बाकीच्यांनी माझा शब्द मानला. नकाराचं पत्रही मीच टाइप केलं.

फोनवर तू उलट माझीच समजूत घातलीस, "जाऊ दे रे, तू एकटा किती जणांशी भांडशील!" मी तुला तसंच समजू दिलं. त्यानंतर तू ब्रशला हात लावला नाहीस.

परवा भाची म्हणाली, "मामा, आई हल्ली कॅलेंडरच्या मागे त्रिकोण काढते. मी आले की पटकन उलटं करते." ते ऐकून इतका आनंद झाला, की हे लिहायचा धीर आला. संचालकबाईंनाही सगळं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "ताईंचं उत्तर येईपर्यंत ती भिंत रिकामी राहील."

चित्र द्यायचं की नाही, ते तू ठरव. शिव्या द्यायच्या असतील तर फोन कर, मी उचलेन. फक्त आता काढणं थांबवू नकोस.

तुझ्याहून कमी चांगला चित्रकार, आणि हे आज पहिल्यांदाच कबूल करणारा,
तुझा धाकटा