चिंधी बांधलेला दोडका

तीर्थस्वरूप वन्सं,

त्या सकाळी मी भाजी धुतलेलं पाणी मिरच्यांना घातलं, टोमॅटोच्या मुळाशी पालापाचोळा सारखा केला, जास्वंदीवरची पांढरी कीड जुन्या ब्रशने खरवडली, आणि रोजच्यासारखी शेवटी दोडक्याच्या वेलापाशी गेले. तिथे दोडका नव्हता. नुसता देठ होता, सुरीने नीट कापलेला.

(नमस्कार आधी लिहायचा असतो हे मला कळतं. पण राग पुढे धावला आणि नमस्कार मागे राहिला. तर आता वाकून करते. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघता? मी बरी आहे. म्हणजे हे ऊन सोडलं आणि तुमचे धाकटे बंधू सोडले तर बरी आहे.)

हे गेल्यावर "घर खायला उठत असेल, वहिनीला सोबत होईल" म्हणून तुम्ही भाऊजींना माझ्याकडे धाडलंत. घर खायला उठत नव्हतं वन्सं, भाऊजी उठतात. तेही पहाटे, शिट्टी वाजवत. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस निवृत्त झाला तरी त्याला समोर रांग लागते. मुलं नाहीत, म्हणून त्यांनी माझ्या कुंड्या धरल्या. मी बाजारातून येते तो सगळ्या कुंड्या उंचीप्रमाणे उभ्या, बुटक्या पुढे, उंच मागे. आता बुटका कोण, तर पुदिना. त्याला मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत जपला होता, तो पुढच्या रांगेत भर उन्हात सावधान उभा. दुपारपर्यंत त्याची वाळलेली चहापत्ती झाली. मी म्हटलं, "भाऊजी, हे काय केलंत?" तर म्हणतात, "वहिनी, उन्हाशिवाय वाढ नाही. आमच्या मुलांना आम्ही मैदानातच उभं करायचो." त्यातली किती मुलं चक्कर येऊन पडायची, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगण झाडलं. ऐकायला बरं वाटतं ना? मुळांना गारवा राहावा म्हणून मी हिवाळाभर गोळा केलेली सुकी पानं टोमॅटोच्या वाफ्यात अंथरली होती. ती सगळी त्यांनी "कचरा" म्हणून पोत्यात भरून कोपऱ्यावर टाकून दिली. माती उघडी पडली आणि भाकरीसारखी तडकली. मी पोतं परत आणायला गेले तेव्हा शेजारीण गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "अहो, आता एकटीसाठी कशाला एवढा उपद्व्याप?" (हिच्या गॅलरीत प्लास्टिकची फुलं आहेत. ती धुळीनेच तेवढी मळतात. हिला काय सांगायचं!) मी डोक्यावर पोतं घेऊन काहीच बोलले नाही, आणि न बोललेलं सगळं घरी येऊन भाऊजींना बोलले.

त्यावर पश्चात्ताप म्हणून त्यांनी काय करावं? ऐन दुपारी नळी सोडून बागेला पाणी पाजलं. ती काळी नळी सकाळपासून फरशीवर तापत पडलेली. आतलं पहिलं पाणी असं होतं की त्यात बटाटे उकडले असते. ते झेंडूच्या पानांवर! वाचनालयातल्या एका पुस्तकात लिहिलंय, झाडांशी प्रेमाने बोलावं. मी त्या संध्याकाळी झेंडूशी बोलले, पण विषय भाऊजींचा असल्यामुळे प्रेमाने जमलं नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण दोडका गिळता येत नाही. म्हणजे मला. भाऊजींना आला.

तुम्हाला ठाऊकच आहे, ह्यांनी बाजारातून दोडक्याचं बी कधी आणलं नाही. दर साली वेलावरचा चांगला, सरळ दोडका हेरायचा, आपल्या जुन्या सदऱ्याची चिंधी त्याच्या देठाला बांधायची, आणि तो वेलावरच पार वाळू द्यायचा. आत बिया खुळखुळायला लागल्या की काढायचा. चिंधी म्हणजे हात लावायचा नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी नकळत माझा हात गेला, तर हे म्हणाले, "तो पुढच्या वर्षाचा आहे." गेल्या खेपेचं सगळं बी त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं, मंडप बांधला, आणि वेल मंडपावर चढायच्या आत हे गेले. उन्हाने यंदा फुलं गळाली, धरले ते दोडके वाकडे. एकच सरळ झाला. त्याला मी निळ्या सदऱ्याची चिंधी बांधली. तो सदरा फाडायला मला कसं झालं ते लिहीत नाही. तो दोडका गेला म्हणजे ते बी संपलं. पुढच्या वर्षी माझ्या मंडपावर कुणाच्या तरी कारखान्याचा दोडका चढणार.

आदल्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथे दिवस गेला. तेवढ्यात ह्या गृहस्थांनी तो कापला, शिजवला आणि खाल्ला. वन्सं, तो पुरता जून झाला होता! आत नुसती जाळी. त्याने मी भांडी घासली असती. अख्खी घासणी फोडणीला टाकून हा माणूस एकटा बसून खाऊन उठला. मी त्यांच्या खरकट्या ताटलीत बघितलं तर चोथ्याचा एक दोरा नाही, एक बी नाही. मी जे ओरडले ते शेजारणीच्या प्लास्टिकच्या फुलांनीही ऐकलं असेल. "चिंधी दिसली नाही तुम्हाला? डोळे माझे तपासायला गेले होते की तुमचे?"

तर भाऊजी ताठ उभे राहिले, अगदी कवायतीला राहतात तसे, आणि म्हणाले, "चिंधी दिसली म्हणूनच कापला, वहिनी."

मग हळूहळू सांगितलं. लहानपणी घरात खाणारी तोंडं फार. पेरू असो, काकडी असो, दादा एकाला आपल्या सदऱ्याची चिंधी बांधून ठेवायचा. म्हणजे हा धाकट्याचा, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. "मला वाटलं, जाण्याआधी दादाने माझ्यासाठी बांधून ठेवला. जून होता, पण टाकणार कसा? बियासुद्धा चावून खाल्ल्या."

आता ह्या माणसावर रागवायचं कसं, ते तुम्हीच सांगा. मला तर त्याचाही राग येतो, की नीट रागवूसुद्धा देत नाही. आणि खरा राग ह्यांचा येतो. इतकी वर्षं माझ्यासमोर चिंध्या बांधल्या आणि धाकट्या भावाचं एका शब्दाने बोलले नाहीत. आता विचारू कुणाला?

तेव्हा तुम्ही भाऊजींना ताबडतोब परत बोलावून घ्या. तुमच्याकडे कुंड्या नाहीत, धोका कमी.

तुमची,
वहिनी

ता. क. मागे ह्यांनी तुम्हाला दोडक्याचं बी दिलं होतं. तुमच्या कुंपणावर तो वेल अजून असेल, किंवा कुठे पुडीत दोन बिया पडल्या असतील, तर पाठवा. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आणखी एक. तुम्ही थोरल्या, तुम्हाला तेव्हाचं आठवत असेल. धाकट्यासाठी चिंधी बांधायचे, हे खरं का ते कळवा. खरं नसलं तर कळवू नका.

आणि भाऊजींना लगेच बोलावू नका. ऊन उतरेपर्यंत राहू देत. पोतं उचलायला माणूस लागतो.

शेवटचं. हे पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी मी वेल उपटायला गेले, तर पानांच्या आड बोटाएवढा एक दोडका धरलेला दिसला. सरळ आहे, टिकेल की नाही सांगता येत नाही. भाऊजींनी ती निळी चिंधी धुऊन, घडी करून खिशात ठेवली होती. मी मागून घेतली. त्यांना शेजारी उभं केलं, आणि त्यांच्यादेखत देठाला बांधली. मग मंडपावर जुनी चादर टाकून सावली केली आणि दोघांनी मिळून पाणी घातलं, ऊन चढायच्या आत.