अंडी फुप्फुसात जात नाहीत

धाकट्या, तुझ्या दाजींना अंड्यांचा सल्ला देणारा तू कोण? डॉक्टर की कोंबडी? (आशीर्वाद. घरात सगळे बरे असाल. मी बरी आहे. फोनवर तू हो हो म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.)

खोकला हटेना तेव्हा मीच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. तिथे एक मशीन आहे, नळी तोंडात धरून दम संपेपर्यंत फुंकायचं. हा माणूस बशीतला चहा निववल्यासारखा फुंकतोय. तिथली पोरगी आपली काका, अजून, अजून करतेय आणि काका घामाघूम. मग डॉक्टरांनी मला कळेल असं सांगितलं (चौथीत शाळा सुटली, कान नाही सुटले), की फुप्फुसाची राखण करणारं एक प्रोटीन असतं. सिगारेटचा धूर आधी त्या राखणदारालाच आडवा करतो, मग फुप्फुस उघड्यावर. गेलेला दम परत येत नाही, उरलेला जपायचा.

एवढं सरळ बोलणं. पण ह्यांनी तुला फोन लावला आणि तू म्हणालास, "दाजी, प्रोटीन कमी पडतंय ना, मग अंडी खा की." झालं. एका सिगारेटमागे एक उकडलेलं अंडं, दिवसाला आठ. मी पुन्हा जाऊन विचारून आले, अंडं पोटात जातं, फुप्फुसात जात नाही. तर हे म्हणतात, "तुझा भाऊ स्वतः ओढतो, त्याला अनुभव आहे." आमचा जिना चढताना मध्येच थांबून तू भिंतीचा रंग बघत बसतोस, तो अनुभव मी पाहिलाय.

तुझी ताई

ता.क. दाजींचं फार बिघडलेलं नाही. सिगारेटचं पाकीट मी आमच्या लॉन्ड्रीच्या बंबात घातलं. रुसलेत, पण जेवतात.

आणखी एक ता.क. फुंकायचं कसं ते दाखवायला मी दवाखान्यात त्यांच्या हातातली नळी हिसकावली, तर माझाच आकडा त्यांच्याहून खाली. मी जन्मात ओढली नाही. धाप लागते ती इस्त्रीच्या वाफेने, असं समजत होते. रक्त तपासलं. ते राखणदार प्रोटीन माझ्यात जन्मापासूनच कमी आहे. हे कमी असणं आईबापाकडून येतं, भावंडांतही असू शकतं, आणि ते असून जो ओढतो त्याचं फुप्फुस झपाट्याने जातं. ह्यांना अजून बोलले नाही. बाबा शेवटी धापेमुळे बसूनच झोपायचे, तू लहान होतास, मी पाहिलंय. आज ओढणं बंद कर, उद्या जाऊन रक्त दे. दिलंस की नाही, ते गुरुवारच्या आत मला कळलं पाहिजे.